फ्लेक्सवरचे दोन टक्के आणि कुलाब्याच्या वह्या

सायन-पनवेल महामार्गाच्या आजूबाजूला, नेरूळपासून खारघरपर्यंत, महाविद्यालयांना तोटा नाही. गेली काही वर्षं त्यांच्या फाटकांवर एक नवा फ्लेक्स दिसू लागलाय. मध्यभागी सुटाबुटातले प्राध्यापक, वरच्या कोपऱ्यात संस्थापक, खाली शुभेच्छुकांची रांग आणि ठळक अक्षरांत मजकूर: ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड’. निवड कोणी केली, कशावरून केली, सरांनी किंवा मॅडमनी नेमकं शोधलं काय, याचा पत्ता नाही. ठाण्यातल्या दहीहंडीच्या फ्लेक्सवर निदान किती थर लावणार ते तरी लिहिलेलं असतं.

ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९पासून काढतात. स्कोपस या माहितीसाठ्यातले पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत केलेले उल्लेख) मोजून प्रत्येकाला एक गुणांक दिला जातो. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. आपल्याकडचे बहुतेक फ्लेक्स एका वर्षाच्या यादीचे असतात, पण ते सांगायची तसदी कोणी घेत नाही. त्यात कोणी कोणाला ‘निवडत’ नाही. संगणकाने केलेली बेरीज आहे ती. स्वतःचेच संदर्भ देऊन आकडा फुगवणारे त्यात ओळखू यावेत, अशी सोयही करणाऱ्यांनी ठेवली आहे. ती सोय मात्र फ्लेक्सपर्यंत पोचत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि या मोजणीशी माझा रोजचा संबंध येतो. नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, तयारी असो, कॅसची, म्हणजे अध्यापकांच्या बढतीची, फाइल असो की पीएच.डी.च्या मार्गदर्शकाची मान्यता असो, ‘तुमचे पेपर किती?’ हा प्रश्न पहिला. ‘काय शोधलंत?’ हा प्रश्न मुलाखतीत शेवटी आलाच तर येतो, आणि तोवर समितीचा चहा आलेला असतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: संशोधकाचा प्रभाव पाहायचा तर त्याने मागे ठेवलेलं काम पुढे कोण, कशासाठी आणि किती वर्षांनी वापरतं हे पाहावं. नोंदी, कोष्टकं, उपकरणं, नीट जपलेली आकडेवारी यांना आपल्या मोजणीत जवळजवळ जागाच नाही. ग्रहविज्ञानात तर हाच सगळा पाया असतो.

ग्रहविज्ञान म्हटलं की आपल्याला थेट इस्रो आठवतं. पण या विषयातली जुनी माणसं आपल्या रायगडातलीच आहेत. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं. ग्रहांची स्थानं सोप्या रीतीने काढून देणारा हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं वापरला. इतक्या काळात त्यातल्या बारीक चुका साचत गेल्या आणि पंचांगातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे, अशी अवस्था झाली. ती दुरुस्त करायला जो माणूस बसला तोही इथलाच. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना. जन्म १८२५चा. पंधराव्या वर्षी ते कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली सहायक म्हणून लागले. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे सुरू झाल्या त्या १८४१मध्ये, म्हणजे अगदी त्याच सुमारास. पुढे पुण्यात ते प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६०मध्ये त्यांचं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक आलं आणि १८६५पासून त्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं.

आजच्या अर्जात हे काम कुठल्या रकान्यात भरायचं? पुस्तक मराठीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाही. आधार युरोपीय ग्रंथांचा, म्हणजे मौलिक नाही. वापरणारे पंचांगकर्ते, आणि पंचांगात तळटीप देऊन संदर्भ द्यायची पद्धत नसते. गुण शून्य.

आणि तरीही त्या गणिताचा परिणाम आजही घराघरांत दिसतो. केरूनानांनी राशिचक्राचा आरंभ एका विशिष्ट ताऱ्यापासून धरला. रेवती नक्षत्राचा योगतारा (मुख्य तारा) म्हणून त्यांनी मीन राशीतला झीटा हा तारा घेतला. त्यामुळे त्यांचे अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून या आरंभापर्यंतचं अंतर, इतरांपेक्षा जवळपास चार अंशांनी कमी आले. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. एखाद्या वर्षी तेवढ्याने अधिक महिना इकडचा तिकडे होतो. पटवर्धनी पंचांगाच्या वाटेनेच पुढे टिळक पंचांग आलं आणि ते पाळणाऱ्या रत्नागिरीकडच्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो. आमच्या सोसायटीत अशी दोन घरं आहेत. त्या वर्षी ‘तुमचा गणपती लवकर कसा?’ हे विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही, नकळत का होईना, १८६०च्या एका खगोलगणिती निर्णयावर बोलत असतात. त्या निर्णयावर तेव्हाही वाद झाला, अजून होतो. प्रभाव म्हणजे सगळ्यांनी मान डोलावणं असं थोडंच आहे? ज्याच्याशी दीडशे वर्षं भांडावं लागतं, त्याचा प्रभाव नाही कसा म्हणणार!

आता कुलाब्याकडे. केरूनाना तिथून कधीच पुण्याला गेले होते, पण वेधशाळेचं काम चालू होतं. एका खोलीत तलम धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला लावलेला आरसा आणि थोड्या अंतरावरच्या दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी. निरीक्षकाने ठरल्या वेळी दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. रात्रपाळीलाही हेच, पावसाळ्यातही हेच. या कामातून पेपर निघत नाहीत. त्या निरीक्षकांपैकी बहुतेकांची नावंही आज कोणाला ठाऊक नाहीत.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ एकाएकी लखलखाट दिसला. जेमतेम पाच मिनिटं. त्यानंतर सतराएक तासांनी पृथ्वीवर आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत प्रसिद्ध चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रं बिघडली, एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. युरोपातल्या नामांकित वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं होती. वादळाच्या भरात रेघ कागदाबाहेर गेली आणि मोक्याच्या वेळची नोंदच हुकली. कुलाब्यात मात्र माणूस बसलेला होता. त्याने तासाच्या ठोक्याची वाट न पाहता काही काही मिनिटांनी आकडे टिपले. २ सप्टेंबरला मुंबईत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (जमिनीला समांतर) घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. हा घटक इथे एरवी ३८ हजारांच्या आसपास असतो, म्हणजे चार टक्क्यांची घसरण. तुलनेला सांगायचं तर मार्च १९८९मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधले साठ लाख लोक ज्या वादळाने नऊ तास अंधारात राहिले, त्याची जगभराची सरासरी तीव्रता ५८९ नॅनोटेस्ला भरते. (आदित्य-एल१ हे आपलं सूर्याकडे नजर लावून बसलेलं यान २०२३मध्ये सुटलं तेही २ सप्टेंबरलाच. योगायोग आहे, पण कुणीतरी मुद्दाम साधला असता तरी चाललं असतं.)

वहीतला आकडा वहीतच राहिला असता. तो बाहेर आला नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यामुळे. कुलाबा वेधशाळेचे हे पहिले भारतीय संचालक. १८९६मध्ये त्यांच्याकडे सूत्रं आली आणि काही वर्षांतच मुंबईत विजेच्या ट्रामचं घाटू लागलं. घोड्याच्या ट्रामचा चुंबकसूचीला काही त्रास नव्हता. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत पसरला की सगळ्या नोंदी बिघडणार होत्या. मूस यांनी शहराशी भांडत न बसता अलिबागला जागा शोधली. १९०४मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. आणि इथेच त्यांनी ती गोष्ट केली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: कुलाबा त्यांनी लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेतला फरक कळावा, सांधा पक्का बसावा. ट्राम धावली १९०७मध्ये. मग १९१०मध्ये १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी दोन भागांत छापल्या. एकात आकडे आणि उपकरणं, दुसऱ्यात विवेचन. चुंबकीय वादळ सरासरीने कसं चढतं, कसं उतरतं याचा पद्धतशीर अभ्यास त्या दुसऱ्या भागात आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यावर इमारत चढवली.

यानंतर थेट २००३. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अॅलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या नोंदी पुन्हा काढल्या आणि १८५९चं वादळ किती मोठं होतं याचं गणित मांडलं. घटनेला १४४ वर्षं, छापील ग्रंथाला ९३ वर्षं. तेव्हापासून वीजजाळी, उपग्रह, विमा यांचा विचार करणारे लोक ‘सूर्याने सर्वांत वाईट केलं तर काय होईल’ हा प्रश्न विचारतात, तेव्हा कुलाब्याचा आकडा हटकून पुढे येतो. तो आकडा जसाच्या तसा घ्यावा का, यावर जोरदार मतभेद आहेत. काहींच्या मते त्यातला काही भाग वातावरणाच्या वरच्या थरातल्या स्थानिक प्रवाहांचा असावा. तासाची सरासरी काढून वादळाची तीव्रता हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणणारे अभ्यासक आहेत. वाद दोन्ही बाजूंनी लढवला जातो तो त्याच वहीच्या भरवशावर.

ही भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. भूचुंबकीय माहितीचं मुंबई जागतिक केंद्रही तीच चालवते. मी वर्गात विचारते तेव्हा पनवेलहून रोज लोकलने येणाऱ्या मुलांना ती कुठे आहे हे माहीत नसतं. ‘अव्वल दोन टक्के’ मात्र सगळ्यांना माहीत असतात.

आता मूस यांना आपल्या मोजणीत बसवू. एच-इंडेक्स हे माप अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५मध्ये सुचवलं: किमान दहा संदर्भ मिळालेले दहा पेपर असतील तर तुमचा एच दहा. याचा अर्थ सरळ आहे. ज्याने आयुष्यात दोनच ग्रंथ लिहिले, त्याचा एच दोनच्या वर जाऊच शकत नाही, मग ते दोन ग्रंथ हजार जणांनी वापरोत की लाख जणांनी. अलिबाग आणि कुलाबा दोन्हीकडे नोंदी घेण्यात घालवलेली दोन वर्षं या मापात दिसतही नाहीत. कॅसच्या फाइलमध्ये त्या दोन वर्षांसमोर ‘निरंक’ लिहावं लागलं असतं.

हे जुन्या काळाचं झालं, असं कोणी म्हणेल. मग चांद्रयान-१ घ्या. २००८च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या त्या यानावर अकरा उपकरणं होती, पाच आपली, सहा परदेशी. त्यातलं मून मिनरॉलॉजी मॅपर हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. मोहिमेच्या वैज्ञानिक बाजूची धुरा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे जितेंद्रनाथ गोस्वामी यांच्याकडे होती. चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल असल्याच्या खुणा २००९मध्ये या उपकरणाने दाखवल्या आणि पीटर्स यांच्या त्या पेपरला अफाट संदर्भ मिळाले. इथवर मोजणीवाले खूश. पण यानाचा संपर्क २००९च्या ऑगस्टमध्येच तुटला होता. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१८मध्ये, शुआई ली आणि सहकाऱ्यांनी त्याच उपकरणाच्या जपून ठेवलेल्या आकडेवारीतून चंद्राच्या ध्रुवांजवळच्या कायम सावलीत उघड्यावर बर्फ असल्याचे पुरावे काढले. ते शक्य झालं, कारण उपकरणाचं मापांकन कसं केलं, कोणत्या दिवशी ते किती तापलं होतं, कुठल्या चित्रात गोंगाट आहे, हे सगळं लिहून आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली होती. ते लिहिणाऱ्या तरुण संशोधकांना त्या महिन्यांचे पेपर मिळाले नसणार. आपल्याकडे तर कंत्राटी पदाची मुदतवाढ त्यांना नाकारली गेली असती.

मोजणीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत वशिल्याने चढलेलेही असतात. आकडे नव्हते तेव्हा काय होतं हे आमच्या आधीच्या पिढीला विचारा. संस्थाचालकांचा भाचा, विभागप्रमुखांची मर्जी, जात, गाव. आकडा आंधळा असतो हे खरं, पण म्हणूनच त्याला तुमचं आडनाव दिसत नाही. वाडा-जव्हारकडून आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलीला ‘माझे एवढे पेपर आहेत’ हे टेबलावर मांडता येतं, ही छोटी गोष्ट नाही. तेव्हा आकडे फेकून द्या असं मी म्हणणार नाही.

पण आकड्याला एकट्याला सोडलं की काय होतं तेही पाहिलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये एपीआय गुणांची, म्हणजे पेपर वगैरे मोजून अध्यापकाला गुण देण्याची, पद्धत आणली आणि अध्यापकांची पेपरसाठी धावपळ सुरू झाली. बाजार लगेच उभा राहिला. २०१८च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. मग केअर नावाची यादी आली, २०२५मध्ये तीही गुंडाळली. पीएच.डी.साठी पेपरची सक्ती होती, ती २०२२च्या नियमांत गेली. दिल्लीचं धोरण असं बदलत असताना मोबाइलवरचे संदेश मात्र तेच राहिले: ‘स्कोपस इंडेक्स्ड, हमखास स्वीकृती, लेखकांच्या जागा शिल्लक.’ पहिलं नाव महाग, चौथं स्वस्त. हे संदेश मला येतात, माझ्या सहकाऱ्यांना येतात, आणि हल्ली तर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाही येतात. इमारतीचा फ्लॅट बुक करावा तशी पेपरातली जागा बुक होते, आणि पाहणाऱ्या आम्ही सगळ्यांनी त्याची सवय करून घेतली आहे.

यावर तोडगा काही नवा शोधायचा नाही. संशोधकाची पारख नियतकालिकाच्या दर्जावरून नव्हे, कामावरून करा, हे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२पासून आहे. आपल्यापुरतं त्याचं रूप साधं ठेवता येईल. उमेदवाराने आपली पाचच कामं द्यावीत. त्यातलं किमान एक पेपर नसावं: एखादी नोंदमालिका, घडवलेलं किंवा दुरुस्त केलेलं उपकरण, खुली ठेवलेली आकडेवारी, मराठीतलं चांगलं पाठ्यपुस्तक. समितीने ती वाचावीत, आणि वाचली आहेत हे कळेल असे प्रश्न विचारावेत. ‘वेळ कुठे आहे?’ हे उत्तर मला पटत नाही. तीनशे पानांची फाइल तपासायला वेळ आहे, पाच कामं वाचायला नाही? आणि वाचल्यावर दिलेले शेरे उमेदवाराला लेखी मिळावेत, म्हणजे वशिल्याला पुन्हा मागच्या दाराने येता येणार नाही.

महाविद्यालयांनाही करण्यासारखं आहे. नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या मुलांना संशोधन प्रकल्प करावा लागतो. दरवर्षी तीच इंटरनेटवरून उचललेली ‘समीक्षा’ बांधून घेण्यापेक्षा जुन्या छापील नोंदी संगणकावर उतरवणं, तपासणं, चुका दाखवणं हे प्रकल्प म्हणून द्यावं. पावसाच्या, भरती-ओहोटीच्या, चुंबकत्वाच्या नोंदींत अजून कितीतरी काम पडून आहे. त्यातून मुलाला आकड्याचा हिसका कळतो. एक खण चुकला की पुढचं पान कसं बिघडतं, हे त्याने एकदा पाहिलं की तो पेपर विकत घ्यायला सहसा जाणार नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे.

शेवटचा मुद्दा अलिबागचा, आणि तो तातडीचा आहे. जानेवारी २०२४मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, विमानतळ आला, आणि पनवेल-उरणपासून अलिबागपर्यंत जमिनींचे भाव आणि आराखडे दोन्ही उसळले. वेधशाळेला लागते चुंबकीय शांतता. मापनाच्या खोलीत जाणारा माणूस खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल बाहेर ठेवून जातो. तिथे जवळपास लोखंडी सांगाड्याच्या इमारती, विजेवरची वाहतूक, मोठे प्रवाह आले तर एकशे ऐंशी वर्षांहून जुनी मालिका हळूहळू निकामी होईल. मुंबईने एकदा तिला बाहेर काढलं, आता मुंबईच तिच्या मागे निघाली आहे. रायगडचे आराखडे करणाऱ्यांनी वेधशाळेभोवती किती अंतरापर्यंत काय उभारता येणार नाही, हे भूचुंबकत्व संस्थेला विचारून आत्ताच नकाशावर आखावं. हलवायची वेळ आलीच, तर मूस यांनी केलं तसं किमान दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घ्याव्या लागतील. त्याचा खर्च, आणि त्या दोन वर्षांत एकही पेपर न लिहिणाऱ्या निरीक्षकांचे पगार, हे रस्ते आणि टाउनशिपच्या अंदाजपत्रकात धरले पाहिजेत, वेधशाळेच्या नव्हे.